चप्पल घालून हात लावा

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता भाच्याने एक कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली आणि आम्ही पाच जण गुहागरकडे निघालो. गाडीत झोपायला फळ्या, छोटा फ्रिज, इंडक्शनची शेगडी, दोन पंखे. रात्री एका घरगुती निवासाच्या अंगणात गाडी लावली. मालकांनी ओटीवरच्या बोर्डातून लांब वायर काढून दिली. फ्रिज सुरू झाला, दिवे लागले, सगळे खूश.

पहाटे अम्मी फज्रसाठी उठल्या. अंगणातल्या नळावर वजू केला आणि ओल्या हातापायांनी गाडीकडे परत आल्या. दाराच्या कडीला हात लावला आणि "हाय अल्लाह" म्हणत मागे सरकल्या. मी आतून धावत दाराशी आलो. मला काहीच जाणवलं नाही. आतली भिंत, ओटा, कडी, सगळ्याला हात लावून पाहिला. काही नाही. अम्मींना भास झाला असेल म्हणून मी अनवाणीच खाली उतरलो, पाय ओल्या मातीवर टेकला, हात अजून दाराला होता, आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

आवाजाने मालक बाहेर आले. माणूस सज्जन. म्हणाले, "थोडं चिमटतं हो पावसात. चप्पल घालून हात लावा."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. आमच्या घरात कूलरसाठी हेच वाक्य होतं, मावशीच्या घरी फ्रिजसाठी. मी शिकवलेल्या एका शाळेत संगणकाच्या लोखंडी टेबलाखाली त्यासाठी लाकडी फळी टाकलेली होती. पण त्या दिवशी अम्मींचे थरथरते हात पाहिल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी आल्यावर मी या विषयावर वाचायला बसलो. विज्ञान हा माझा विषय नाही, मी भाषा शिकवतो. पण वाचता वाचता लक्षात आलं की यामागे एक इतिहास आहे, आणि तो आपल्यापर्यंत फारसा आलेला नाही.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण ते मला जमतं. कॅराव्हॅन हा इंग्रजी शब्द फारसी 'कारवाँ'वरून गेला आणि त्याचाच शेवटचा तुकडा तुटून 'व्हॅन' झाला. म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या स्कूलव्हॅनमध्येही कारवाँचा अर्धा भाग धावतो आहे. कारवाँ जिथे थांबायचा ती सराय. शेरशाह सूरीने 1540 ते 1545 या पाच वर्षांच्या कारकिर्दीत रस्त्यांवर दर दोन कोसांना सराय बांधली, तिथे हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी पाण्याची आणि जेवणाची वेगवेगळी सोय ठेवली, असं अब्बास खान सरवानीने लिहून ठेवलं आहे. परक्या गावात रात्री आलेला मुसाफिर विहिरीचं पाणी तपासत बसत नसे. पाणी चांगलं असण्याची जबाबदारी सरायवाल्याची होती.

आजच्या कारवाँला पाण्याबरोबर वीजही लागते. अमेरिकेत आणि युरोपात गाडी लावण्याच्या जागी बुटके खांब असतात, त्यांवरच्या सॉकेटमध्ये गाडीची जाड वायर लावायची. या विजेला तिकडे 'शोअर पॉवर' म्हणतात, म्हणजे किनाऱ्याची वीज. शब्द जहाजांचा आहे. बंदरात लागलेलं जहाज स्वतःचं इंजिन बंद करून धक्क्यावरून वीज घेतं. गाडी रस्त्यावरची असली तरी तिची अवस्था जहाजासारखीच आहे. ती जमिनीवर उभी असते, पण जमिनीला लागलेली नसते. मधे रबराची चार चाकं असतात.

गाडीच्या पत्र्यात वीज उतरली आणि चाकांमुळे तिला जमिनीत जायला वाट मिळाली नाही, तर ती पत्र्यावर तशीच थांबते. आतल्या माणसाला काही कळत नाही, कारण त्याचे हातपाय दोन्ही त्याच गाडीत आहेत. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही ते याच कारणाने. धोका आत नाही, बाहेरही नाही, तो पायरीवर आहे. एक हात गाडीला आणि एक पाय जमिनीवर, एवढ्या क्षणात माणूस स्वतःच ती वाट होतो. मी आतून हात लावून अम्मींना खोटं ठरवत होतो ते यामुळे.

ही वाट बंद करायला थ्री-पिनमधली तिसरी तार असते. आपल्याकडच्या गोल पिनांच्या टॉपमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते, ती सॉकेटमध्ये सगळ्यात आधी शिरावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. घराला अर्थिंगचा खड्डा असतो. कोळसा, मीठ आणि पाणी घालून जिवंत ठेवलेला. घराचं बांधकामही जमिनीतच असतं. गाडीला मात्र त्या एका तारेशिवाय काहीच नाही. ती तार तुटली, किंवा मुळात नव्हतीच, तर गाडीत कुठेही झालेली छोटीशी गळती पत्र्यावर येऊन बसते. फ्रिज, चार्जर, पाणी तापवायची कॉइल, सगळ्यांची थोडी थोडी गळती एकत्र होते.

आता कोणी विचारेल, मग फ्यूज कशाला असतो? मलाही असंच वाटायचं की फ्यूज माणसाला वाचवतो. तो तारेला वाचवतो. अमेरिकेची राष्ट्रीय वीज नियमावली पहिल्यांदा 1897 मध्ये आली, आणि ती घडवण्यात आगीचा विमा उतरवणाऱ्या मंडळींचा मोठा हात होता. त्यांची चिंता साधी होती: तारा तापून गोदामं जळू नयेत. फ्यूज त्यासाठी. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरपर्यंत शांत बसतो. माणसाला मारायला किती लागतात, हा प्रश्न तेव्हा हिशेबातच नव्हता. एका अर्थाने उत्तर ठाऊक होतं. 6 ऑगस्ट 1890 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात विल्यम केमलरला विजेच्या खुर्चीत बसवून मारलं गेलं. विजेने माणूस कसा मारायचा यावर प्रयोग झाले होते. कसा वाचवायचा यावर नीट प्रयोग व्हायला आणखी पन्नास वर्षं गेली.

ते प्रयोग केले कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या चार्ल्स डॅलझील या प्राध्यापकाने. प्रश्न त्याने फार नेमका विचारला. विजेची तार हातात धरलेला माणूस ती सोडू का शकत नाही? करंटमुळे हाताचे स्नायू आवळतात आणि मूठ उघडत नाही. मग किती करंटपर्यंत माणूस स्वतःच्या इच्छेने मूठ उघडू शकतो? त्याने 134 पुरुष आणि 28 स्त्रिया, सगळे स्वेच्छेने आलेले, यांच्या हातात तांब्याची तार देऊन करंट हळूहळू वाढवत नेला. पुरुषांची सरासरी निघाली 16 मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. सरासरी म्हणजे निम्मे लोक त्याखाली. जवळजवळ सगळे सोडवून घेऊ शकतील असा आकडा पुरुषांसाठी 9 आणि स्त्रियांसाठी 6.

हे आकडे किती लहान आहेत पाहा. घरातला 9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण 40 मिलिअँपिअर घेतो. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे 5000. कोरड्या हाताची त्वचा बरंच अडवते, पण ओल्या त्वचेसह शरीराचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरतात. 230 व्होल्टला त्यातून 230 मिलिअँपिअर जाऊ शकतात, आणि एखादा सेकंद शंभराच्या आसपास छातीतून गेले तर हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं. वजू केलेले हात, ओले पाय, भिजलेली माती. अम्मी वाचल्या, कारण गळती त्या दिवशी थोडी होती.

याच काळात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन नावाचा एक इंजिनिअर सोन्याच्या खाणींसाठी काम करत होता. खाणीत ओल, धातू आणि तारा एकत्र. युक्ती जुनी होती: जाणारी आणि येणारी तार एकाच लोखंडी कड्यातून न्यायची. आम्ही शिक्षक सहलीला मुलं नेतो तेव्हा बसमध्ये चढताना मोजतो आणि परतताना मोजतो, तसंच. गेले तेवढे परत आले तर ठीक. एक जरी कमी आला तर तो दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने गेला, कदाचित माणसातून. लगेच वीज तोडायची. पण त्या वेळची यंत्रं दहाएक अँपिअरचा फरक पडल्याशिवाय जागी होत नसत. रुबिनने 1955 मध्ये ते 250 मिलिअँपिअरवर आणलं आणि खाणींमध्ये बसवलं. पुढच्याच वर्षी नव्या पद्धतीने वीसच्याही खाली नेलं. स्टिलफाँटेन या खाणवस्तीत एक बाई घरातल्या विजेच्या धक्क्याने मरता मरता वाचली, त्यानंतर 1957 आणि 1958 मध्ये तिथल्या काहीशे घरांत 20 मिलिअँपिअरची यंत्रं लागली.

हे वाचताना मी थोडा थांबलो. वर्णभेदाच्या त्या देशात जमिनीखाली उतरणारे मजूर बहुतेक काळे, गावं सोडून आलेले. 250 मिलिअँपिअरचं यंत्र खाणीची आग आणि बिघाड रोखतं, तारेला थेट हात लागलेल्या माणसाला ते वाचवेल याचा भरवसा नाही. माणसाला वाचवणारं पहिलं यंत्र घरांत शेकड्याने लागल्याची नोंद आहे, आणि घटना घडली होती घरातल्या बाईला. रुबिनला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने तर अख्ख्या जगावर उपकार केले. कोणाच्या धक्क्याची बातमी होते आणि कोणाच्या धक्क्याला 'थोडं चिमटतं' म्हणतात, एवढंच मला दिसलं.

ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर त्याच दशकात याच यंत्राच्या मागे होता, आणि करंटचे परिणाम त्याने स्वतःच्या शरीरावर मोजले. डॅलझीलने 1961 मध्ये अमेरिकेसाठी स्वतःचं यंत्र मांडलं, पेटंट 1965 मध्ये मिळालं. तो 5 मिलिअँपिअरवर अडून बसला, कारण जवळजवळ सगळ्या स्त्रिया मूठ उघडू शकतील असा त्याचा आकडा सहाच होता. युरोप 30 वर थांबला. तिथला विचार असा की झटका बसेल, पण हृदय थांबण्याआधी वीज तुटेल. आपण युरोपच्या वाटेने गेलो. आपले वायरमन आजही त्याला 'ईएलसीबी' म्हणतात. तो खरं तर त्याच्या आधीच्या, वेगळ्या पद्धतीच्या यंत्राचा शब्द आहे. दुकानात मिळतो तो आरसीसीबी.

अमेरिकेने हे यंत्र आधी पोहण्याच्या तलावांना सक्तीचं केलं, मग घराबाहेरच्या सॉकेटना, मग न्हाणीघरांना. गाड्यांच्या खांबावरच्या लहान सॉकेटलाही ते आहे. पण ज्या 30 आणि 50 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर अख्खी गाडी चालते, त्यांना ते सक्तीचं नाही. कारण काय? गाड्यांमधल्या उपकरणांची गळती मिळूनच पाचच्या वर जाते आणि यंत्र सारखं पडत राहील. म्हणजे रोगी फार असल्यामुळे तपासणी बंद. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनच्या प्रत्येक सॉकेटमागे 30 मिलिअँपिअरचं यंत्र असतं आणि लोक सुखाने चहा करतात. अर्थात तिथे हा आकडा सहापट सैल आहे, हेही धरायला हवं.

अमेरिकी कारवाँवाल्यांचा आणखी एक घोळ आहे. त्यांच्या घरातलं साधं सॉकेट 120 व्होल्टचं. गाडीचं 30 अँपिअरचं सॉकेटही 120 चंच, पण दिसायला कपडे वाळवायच्या यंत्राच्या जुन्या 240 व्होल्टच्या सॉकेटसारखं. घरी गाडी लावायला माणूस ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो, तो आकार पाहून सवयीने 240 जोडतो, आणि गाडीतलं सगळं जळतं. कुशल माणसाची सवयच इथे घात करते.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते खोट्या अर्थिंगने. 1962 च्या अमेरिकी नियमावलीने नव्या कामात सगळीकडे तिसऱ्या तारेचं सॉकेट आणलं. जुन्या घरांच्या भिंतीत दोनच तारा होत्या. भिंत कोण फोडणार? काहींनी तीन भोकांचं सॉकेट बसवलं आणि तिसऱ्या भोकाला आतल्या आत न्यूट्रल जोडून टाकला. तपासणीचे तीन दिवे बरोबर लागतात, काम संपलं. त्यातच फेज आणि न्यूट्रल उलटे लागले असतील तर तिसऱ्या भोकात थेट फेज येतो, आणि तरीही ते तीन दिवे 'सगळं ठीक' सांगतात. घरात लाकडी जमिनीवर हे वर्षानुवर्षं लपून राहतं. मग एक दिवस नातवंडं गाडी घेऊन येतात, अंगणात लावतात, आजोबांच्या सॉकेटला वायर जोडतात. जी तार वाचवायला होती तीच गाडीच्या पत्र्यावर पूर्ण फेज आणून ठेवते. माइक सोकोल या अमेरिकी लेखकाने या प्रकाराला वेगळं नाव देऊन त्याच्यावर सतत लिहिलं, तेव्हा कुठे कारवाँवाल्यांना हे कळलं. भोक तीनचं आणि तारा दोन, हे काही फक्त अमेरिकेचं नाही.

ब्रिटनने यावर वेगळा विचार केला. तिथे अनेक घरांत वीज कंपनीच्या न्यूट्रलवरूनच अर्थिंग दिलं जातं. रस्त्यात कुठे तो न्यूट्रल तुटला तर घरातला सगळा धातू जिवंत होऊ शकतो. घरात सगळे धातू एकमेकांना बांधलेले असल्याने ते एक वेळ निभावतं. पायरीवर उभ्या माणसाचं निभावत नाही. म्हणून 2002 च्या नियमांनी स्पष्ट मनाई केली की कॅराव्हॅनच्या आणि बोटीच्या धातूला अशा पद्धतीचं अर्थिंग जोडायचं नाही. जागेवर स्वतंत्र कांब पुरायची आणि सोबत ते तोडणारं यंत्र लावायचं.

सोबत हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे खूप जण म्हणतात, गाडीशेजारी सळई ठोकली की झालं. मी हिशेब करून पाहिला. सळईचा जमिनीशी रोध 25 ओहम धरा, कोकणच्या जांभ्यात तो जास्तच असेल. 230 भागिले 25, म्हणजे साधारण 9 अँपिअर. 16 अँपिअरचा फ्यूज किंवा एमसीबी ढिम्म हलणार नाही, पत्रा तसाच जिवंत राहील. तोच 9 अँपिअरचा फरक 30 मिलिअँपिअरच्या यंत्राला डोळ्याची पापणी लवायच्या आत दिसतो.

बोटींचं एकच सांगतो. धक्क्याला लागलेल्या बोटीतून वीज पाण्यात गळली तर गोड्या पाण्यात पोहणारा माणूस खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. खारं पाणी शरीरापेक्षा चांगलं वाहक आहे, करंट माणसाला वळसा घालतो. तळ्यात तो माणसातून जातो, हातपाय लुळे पडतात, आणि बाहेरून फक्त बुडणं दिसतं. अमेरिकी नियमावलीने धक्क्यांसाठी 2011 मध्ये 100 मिलिअँपिअरची मर्यादा घातली आणि 2017 मध्ये ती 30 वर आणली. श्रीनगरच्या दल सरोवरातल्या हाऊसबोटींनाही काठावरूनच तारा जातात.

आपल्या राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कोकणात, महाबळेश्वरला अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. पण खरं तर कारवाँ आपल्याकडे आधीपासून आहे. उर्सात येणारे पाळण्यांचे ट्रक, टेम्पोत थाटलेली खिम्याची आणि फालुद्याची दुकानं, जत्रांमधल्या रसवंतीच्या गाड्या. सगळा पत्रा, खाली रबर, आणि खांबावरून किंवा शेजारच्या दुकानातून ओढलेली दोनच तारांची वायर. गर्दी, सांडलेलं पाणी, अनवाणी मुलं. देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने जातात, आणि त्यातली किती पायरीवर गेली हे कोणी लिहून ठेवत नाही. आमच्याकडे त्याला 'वक्त आ गया था' म्हणतात. वक्त अल्लाहच्या हातात आहे हे मी मानतो. तिसरी तार वायरमनच्या हातात आहे.

त्या दिवशी चहा झाल्यावर भाचा म्हणाला, "मामू, बोर्ड उघडून बघू या का?" मालकांनी मेन बंद करून दिला. पेचकसाने ओटीवरचा बोर्ड उघडला. सॉकेट नवं होतं, तीन भोकांचं, आयएसआय शिक्क्याचं. मागे दोन तारा. तिसऱ्या स्क्रूला कोणी कधी पेचकस लावलेलाच नव्हता, त्याच्यावरची चकाकी तशीच होती. मालक बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "पण मी अर्थिंगचे पैसे दिले होते." खड्डा खरोखरच होता, घराच्या मागे, मीटरपाशी. ओटीपर्यंत तार आणायची राहून गेली होती.

आम्ही वायर काढली आणि फ्रिजमधलं दूध आधी संपवलं. परत आल्यावर भाच्याने 30 मिलिअँपिअरचं यंत्र असलेला एक बोर्ड जुळवून घेतला आहे, गाडीची वायर आता त्यातूनच जाते. गाडी लावली की तो वायर जोडण्याआधी सॉकेट तपासतो, फेज कुठल्या बाजूला आणि अर्थ खरंच आहे का ते मीटरने बघतो. मग यंत्राचं टेस्टचं बटण दाबतो. त्यानंतर सुकी चप्पल घालून, हात न लावता, पत्र्याजवळ टेस्टर धरतो. तोवर अम्मी आतच बसून राहतात. मालकांचा दिवाळीनंतर फोन आला होता. ओटीवर तार आली आहे म्हणाले, आणि मागच्या न्हाणीघरात गिझरच्या सॉकेटमागेही दोनच तारा निघाल्या.